कापलेली आठ मिनिटं

६ फेब्रुवारी

ताई,

वर 'प्रिय' लिहिलं होतं. खोडलं. मग खोडलेलं बरं दिसेना म्हणून नवीन कागद घेतला. आता जागा तशीच सोडलीय, तुला वाटलं तर तूच भर.

सात महिने झाले. तुला फोन लावला की वाजून वाजून थांबतो. आधी वाटलं, रागावलीयस, उतरेल. मग वाटलं, बरं झालं, एकदा तरी हिची बोलती बंद झाली. खोटं कशाला सांगू, महिनाभर मला जिंकल्यासारखं वाटत होतं. मी पाठवलं होतंच तसं. अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग, आवाज हुबेहूब तुझा, बोलणारी मी, आणि सोबत एक ओळ: 'हे ऐक. हे तू दिवसभर माझ्या डोक्यात बोलत असतेस.'

काल भावजींचा फोन आला. ते कधी फोन करत नाहीत. वाढदिवसाला तू बोलत असताना मागून 'माझ्याकडूनही' असं ओरडतात, तेवढंच. काल म्हणाले, "चिमे, तुमच्यात काय झालंय ते मला सांगू नकोस. पण ती गाडीत बोलत नाही."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"शिकवताना गं. हातानं दाखवते. डावीकडे वळायचं तर डावा हात वर. थांबायचं असेल तर स्वतःच्या पायाखालचा ब्रेक दाबते, सांगत नाही. एक पोरगी रडत घरी गेली, तिला वाटलं बाई आपल्यावर चिडल्यात. दोघं-तिघं दुसरीकडे शिकायला गेले."

"आणि घरी?"

"घरी बोलते की. मीठ दे, पंखा बंद कर. खोदून विचारलं तर म्हणते, माझ्या आवाजानं माणसाचं नुकसान होतं."

फोन ठेवला. ताई, वीस वर्षं तू लोकांना गाडी शिकवतेस. रस्ता बघून ज्यांचे पाय लटपटतात ती माणसं तुझ्याकडे येतात, कारण तू ओरडत नाहीस. मलाही तूच शिकवलीस. 'हळू. सोड क्लच. घाई कुणाला आहे.' आजही चढावर गाडी थांबली की मी ते मनात म्हणते, तुझ्याच चालीत.

माझं बरं चाललंय. दोन वेळा नीट जेवते. थेरपी चालू आहे. तू माझ्याशी नको बोलूस हवं तर. पण गाडीत बोल. त्या शिकाऊ लोकांनी काय घोडं मारलंय तुझं?

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. आवाजानं जे करून ठेवलंय ते आवाजानंच निस्तरायची मला भीती वाटते.

चिमी


१४ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. निदान फाडलं नसशील असं धरून चालते.

ते रेकॉर्डिंग कसं झालं ते तुला कधी सांगितलंच नाही. नुसतं अंगावर फेकलं. आता सांगते.

आमच्या थेरपीच्या बाई तुझ्यापेक्षा लहान आहेत, पण त्यांना बाईच म्हणावंसं वाटतं. दोन पायांत दोन वेगळे मोजे घालतात आणि त्यांना ते माहीतही नसतं. जूनमध्ये त्या म्हणाल्या, डोक्यात जे चालतं ते 'मी' लावून सांगू नका, 'तू' लावून सांगा. 'मी जाड आहे' असं नाही. 'तू जाड आहेस.' समोर कुणी बसून बोलतंय तसं, मोठ्यानं. ते आपल्यापासून वेगळं काढून बघायचं असतं म्हणे. बाकीच्यांना हे फार जड जातं. काही जणांच्या तोंडून पहिला शब्दच फुटत नाही. आणि मी काय विचारलं असेल? "कुठल्या आवाजात?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "तुम्हाला ऐकू येतो त्या."

तुला माझा धंदा माहीत आहे. लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' म्हणणारी मी, फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणारी मी, कार्टूनमधली ती चिडकी खार मी. बाईंनी मला मी जे उत्तम करते तेच करायला सांगितलं, आणि मी ते उत्तम केलं.

जेवणाच्या सुट्टीत केलं. स्टुडिओ तेव्हा रिकामा असतो. ती माझी वेळ आहे, वर्षानुवर्षांची. सगळे खाली जेवायला जातात, मी काचेच्या खोलीत कागद चाळत बसते आणि सांगते, जेवलं की आवाज जड होतो. पोटावर एक उशी धरते. माइकला सगळं ऐकू येतं ना, रिकामं पोट गुरगुरलं की पलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणतो, "पोट बोललं, परत घेऊ." त्यावर सगळे हसतात, मीही हसते.

उशी धरली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं तर तू आलीस. मी ठरवलंसुद्धा नव्हतं. 'थांब. आता बास. सगळे बघतायत. एवढं खाऊन कुणाला तोंड दाखवणार आहेस. आधी ते कमव, मग जेव. एवढंसुद्धा होत नाही तुझ्याच्यानं.' त्या 'एवढंसुद्धा'वर तू कशी थबकतेस, अगदी तसं.

बाईंना ऐकवायचं सोडून मी ते आधी तुला पाठवलं. त्यांना हे कळलं तेव्हा त्या बराच वेळ मोज्यांकडे बघत राहिल्या.

मला एवढंच म्हणायचंय की वाक्यं तुझीच आहेत. शब्द इकडचे तिकडे झाले असतील. पण हवेतून तर नाही ना आली?

चिमी


३ मार्च

ताई,

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, दोन वेळा नीट जेवते. खोटं होतं ते.

जानेवारीपासून मी खाण्याच्या आजारांच्या एका केंद्रात जाते. सकाळी नऊ ते संध्याकाळी चार. तुला रेकॉर्डिंग पाठवल्यावर मला वाटलं होतं, काटा निघाला, आता आवाज बंद होईल. तो वाढला. तू फोन उचलायचं बंद केलंस आणि डोक्यातली तू दिवसभर बोलायला लागलीस. डिसेंबरात मी वाचता वाचता माइकसमोर पडले. डॉक्टर म्हणाले, केंद्रात या, नाहीतर सरळ दवाखान्यात दाखल करावं लागेल, आणि ते मग तुमच्या हातात नसेल. स्टुडिओत मी सांगितलंय की घसा बसलाय. भावजींनाही हेच सांगितलं. तू त्यांना खरं सांग किंवा नको सांगू.

इथे सहा जणांचं एक टेबल आहे. सिस्टर आमच्याबरोबर बसून तेच जेवतात. अर्धा तास. कुणी उठायचं नाही, ताटाबद्दल बोलायचं नाही, अंगाबद्दल बोलायचं नाही. मग काय बोलायचं? कुत्री, शेजारी, पाणी आलं की गेलं. भात समोर असताना सहा माणसं इतक्या पोटतिडकीनं शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलताना तू कधी बघितली नसशील.

माझ्या शेजारी एक ट्रकवाले बसतात. पन्नाशीचे, भरघोस मिशा. मला वाटलं होतं, इथे सगळ्या कॉलेजातल्या पोरी असतील आणि मीच थोराड दिसेन. पहिल्या दिवशी मी तसं बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "मलाही तेच वाटलेलं, ताई." त्यांनी ताई म्हटलं आणि मला रडूच आलं. त्यांना वाटलं, आपल्या मिशांना घाबरली.

परवा जेवण झाल्यावर आम्ही बाकावर बसलो होतो. जेवणानंतरचा तास सगळ्यात वाईट असतो, तेव्हा आवाज वसुलीला येतो. ट्रकवाले म्हणाले, "माझा आमच्या कवायतीच्या सरांचा आहे. शिट्टीसकट. तुमचा कुणाचा?"

मी म्हटलं, "बहिणीचा."

"असं बोलायची ती तुम्हाला?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं, ताई. आलं नाही. खोकल्यासारखं केलं आणि पाणी प्यायला उठले. 

चिमी


१९ मार्च

ताई,

बाईंनी कागदावर मधोमध रेघ मारून दिली. डावीकडे, ताई खरोखर काय म्हणाली. उजवीकडे, डोक्यात काय चालतं. म्हणाल्या, तारीख, जागा, कोण कुठे उभं होतं, असं आठवलं तरच डावीकडे लिहा.

उजवी बाजू चार पानं झाली. मागच्या बाजूलाही लिहावं लागलं.

डावीकडे एकच ओळ आहे. मी चौदा वर्षांची. शाळेच्या कार्यक्रमाचा तो निळा फ्रॉक, तुझाच जुना, तू माझ्यासाठी दुरुस्त करत होतीस. खिडकीपाशी मी स्टुलावर उभी, तू गुडघ्यांवर, तोंडात टाचण्या. मागचा हूक लागत नव्हता. तू दोनदा ओढून पाहिलंस आणि म्हणालीस, "जरा कमी खा गं आठवडाभर, बसेल." आणि हसलीस. टाचण्या तोंडात असताना हसतात तशी, ओठ मिटून.

तू तेवीस वर्षांची होतीस. आई जाऊन चार वर्षं झाली होती. तुला संध्याकाळपर्यंत ते आठवणारही नव्हतं. मला अजून आठवतं. मी ते माफ वगैरे केलेलं नाही, आणि इथे कुणी करा असं म्हणतही नाही. पण ते एकच आहे. मी दोन दिवस डोकं खाजवलं, दुसरं मिळालं नाही. 'आधी ते कमव, मग जेव' असं तू मला कधीच म्हणाली नाहीस. तू तर मी तापातून उठले की वर्गात येऊन भरवायचीस, सगळ्या पोरींसमोर, मला लाज वाटेपर्यंत.

मी बाईंना विचारलं, "मग तिचाच आवाज का? कवायतीचे सर मलाही होते की."

त्या म्हणाल्या, "हा आजार सुरू झाला तेव्हा तुम्ही घरात कुणाचं ऐकत होता?"

सोपं होतं उत्तर. बाबा कामावर. आई नाही. मी ऐकायचे ते फक्त तुझं. कुठला धडा आधी, कुठले मोजे, कुणाशी बोलायचं नाही. दुसऱ्या कुणाच्या आवाजात ते आलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं.

मग बाई म्हणाल्या, आता त्याला उत्तर द्या. तुमच्या स्वतःच्या आवाजात. आणि इथे माझी पंचाईत झाली. पहिल्यांदा मी लिफ्टवाल्या बाईच्या आवाजात म्हटलं, 'आपण जेवू शकता.' बाईंनी मान हलवली. मग जाहिरातीतली आई झाले. मग खार. खारीच्या आवाजात 'गप बस गं' म्हटल्यावर आम्ही दोघी हसलो, पण बाईंनी सोडलं नाही. चौतीस वर्षांची झाले, हजार आवाज काढते, आणि माझा म्हणून जो आहे तो मला सापडेना. फार एकटं वाटलं मला त्या खुर्चीत.

मंगळवारी जेवताना सापडला. अर्धं ताट झालं होतं आणि तू सुरू झालीस, म्हणजे ते सुरू झालं. मी चमचा धरून म्हटलं, "गप. जेवतेय मी." घोगरा, चिरका आवाज, कुठल्याही ऑडिशनला नापास होईल असा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ट्रकवाले म्हणाले, "हं, चालू द्या," आणि कुत्र्याचा विषय पुढे सुरू झाला. मी ताट संपवलं.

चिमी


८ एप्रिल

ताई,

हे पत्र मला लिहावंसं वाटत नाहीये, म्हणून आधी लिहिते.

काल चारला केंद्रातून सुटल्यावर स्टुडिओत गेले. खरं काय ते सांगून टाकलं. एकानं खुर्ची पुढे केली. तिथून निघताना रेकॉर्डिस्ट म्हणाला, "जुलैमधलं तुझं काहीतरी पडलंय, नाव नाही. काढून टाकू? एकोणीस मिनिटांचं."

मी म्हटलं, "अकरा."

"एकोणीस."

आमच्याकडे जे काही रेकॉर्ड होतं त्याची मूळ प्रत तो बाजूला ठेवतो. कापलेलं जोडलेलं ते वेगळं. तुला मी जे पाठवलं ते मी कापून, घासूनपुसून पाठवलं होतं. ताई, मी मुद्दाम केलं असं म्हणू नकोस. आमचा हातच तसा बसलेला असतो. पुस्तक वाचलं की नंतर बसून श्वास काढायचे, गिळल्याचे आवाज काढायचे, चुकलेली वाक्यं काढायची. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा माणूस कधी अडखळतच नाही. त्या दिवशीही मी सुट्टी संपायच्या आत बसून ते सगळं केलं. माझ्याच डोक्यातल्या त्या दुष्ट बाईला मी स्वच्छ करून दिलं. तिचा श्वाससुद्धा काढून टाकला.

मी काचेच्या खोलीत बसून एकोणीस मिनिटं ऐकली.

तिसऱ्या मिनिटाला माझं पोट गुरगुरतं. चांगलं लांबलचक. वर तुझा आवाज 'आता बास' म्हणतोय आणि खाली पोट. सातव्या मिनिटाला मी वाक्य विसरते, 'अं… अं…' करते. नवव्याला रडतेय, पण तुझ्या आवाजात, म्हणजे तू रडतेस तशी, नाक आत ओढत. तू रडताना मी एकदाच ऐकलंय तुला, आई गेली तेव्हा.

आणि चौदाव्या मिनिटाला असं आहे. तुझाच आवाज, पण हळू, लाकडाला कान लावून बोलावं तसा: 'दाराशी ठेवलंय. मी खाली जातेय. मोजत नाही मी काही, कळलं?' मग काहीच नाही. मी घड्याळ लावून बघितलं, चाळीस सेकंद नुसती शांतता. मग परत तोच आवाज: 'गार झालं तरी चालेल.'

बस, एवढंच. नंतर पुन्हा ते 'एवढंसुद्धा होत नाही' सुरू.

मला वाटलं असणार, हे काय मधेच, भूमिका सुटली. आणि चूक म्हणून कापून टाकलं.

ते कुठून आलं मला माहीत नाही. तू असं कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. बाईंना ऐकवलं, त्यांनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, माझ्या कल्पनेतली बरी ताई असेल, मीच रचलेली. त्यांनी ते मिनिट परत लावलं. मला मात्र दिवसभर तेच ऐकू येतंय.

सोबत पेन ड्राइव्ह पाठवतेय. पूर्ण एकोणीस मिनिटं, न कापलेली. सगळी ऐक किंवा चौदावं मिनिट तरी ऐक. तुझ्या आवाजानं कुणाचं नुकसान होत नाही, ताई. मी तुझा आवाज घेतला, त्यातलं चांगलं तेवढं काढून टाकलं आणि उरलेलं तुला पाठवून दिलं. हे मी केलं. मला याची फार लाज वाटते.

चिमी


१६ एप्रिल

ताई,

आठ दिवस झाले. पाकीट पोचलं, भावजींनी सांगितलं. तू ते गाडीच्या कप्प्यात टाकलंस, एवढंच त्यांनी पाहिलं.

मी काही विचारणार नव्हते, पण तारीख जवळ आली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या टेबलावर घरचं एक माणूस जेवायला बोलावतात. प्रत्येकाच्या समोर एक खुर्ची लावतात. तीन महिने माझ्यासमोरच्या खुर्चीत सिस्टर येऊन बसतात, रिकामी दिसू नये म्हणून. ट्रकवाल्यांची बायको येते. गेल्या वेळी तिनं मलाही विचारलं, "तुमचं कुणी नाही?" मी म्हटलं, आहे, पण लांब आहे. एवढं लांब नाहीये, दोन तासांचा रस्ता.

सव्वीस तारखेला, साडेबारा वाजता. तू काही बोलायला नको. मी वाईट जेवते बघायला, फार सावकाश. ते बघवणार नसेल तर येऊ नकोस, मी समजून घेईन. नाही, समजून घेणार नाही. मला तू यायला हवी आहेस.

चिमी


२२ एप्रिल

चिमे,

मला पत्र लिहिता येत नाही. शाळेतसुद्धा तुझे निबंध मी नाही, शेजारणीनं लिहून दिलेत. चुकलं तर समजून घे.

ते पाकीट दहा दिवस गाडीत होतं. रोज हात लावायचे आणि कप्पा बंद करायचे. सोमवारी सरावाच्या मैदानावर पुढचा शिकाऊ आला नाही, म्हणून गाडी कडेला घेतली आणि लावलं. माझ्या नेहमीच्या सीटवर बसून ऐकलं, जिथे ब्रेक आहे पण स्टिअरिंग नाही. सगळी एकोणीस मिनिटं ऐकली. पळवलं नाही.

फ्रॉकचं. तोंडात टाचण्या होत्या म्हणून नीट बोलता आलं नाही, असं सांगणार होते. ते खरं नाही. मला नीट बोलता येत होतं. मी ते म्हणाले आणि मी विसरले. मला माफ कर असं म्हणत नाही, तूच लिहिलंयस की ते माफ केलेलं नाही. राहू दे.

तिसऱ्या मिनिटाचं पोट मी ओळखलं. ते मी आधी ऐकलेलं आहे, दाराबाहेरून.

तू पंधरा वर्षांची होतीस. खोलीला आतून कडी लावलीस, शाळेतून आलीस की कडी. महिनाभर. तुझ्या शाळेतल्या नर्सबाईंना जाऊन विचारलं, काय करू. त्या म्हणाल्या, मागे लागू नका, ताटाकडे बघू नका, किती खाल्लं ते मोजू नका. मग मी ताट दाराशी ठेवायचे आणि म्हणायचे, दाराशी ठेवलंय, मी खाली जातेय, मोजत नाही मी काही. तू कधी 'हं' पण केलं नाहीस. मला वाटायचं, कानांत बोळे घालून बसलीय.

मी खाली जात नव्हते. चौथ्या पायरीवर बसायचे. तिसरी वाजायची म्हणून चपला हातात घेऊन. तू ताट आत घेतेस का ते ऐकायचे. नाही घेतलंस की परत दारापाशी येऊन म्हणायचे, गार झालं तरी चालेल. मध्ये किती वेळ जायचा ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. सोमवारी त्या चाळीस सेकंदांत मी गाडीत बसल्या बसल्या मनात म्हटलं, आता. आणि त्याच क्षणी तू ते बोललीस.

ते तू रचलेलं नाहीस. मी म्हणाले होते. एकोणीस वर्षं मला वाटत होतं की त्यातलं एक अक्षर तुझ्यापर्यंत पोचलं नाही.

काल गाडीत बोलले. एक आजोबा येतात शिकायला, सत्तरीचे. चढावर गाडी मागे घसरायला लागली आणि त्यांनी दोन्ही हात सोडून देवाचं नाव घेतलं. मी म्हटलं, हळू. सोडा क्लच. घाई कुणाला आहे. गाडी चढली. वर पोचल्यावर घाम पुसत म्हणाले, "म्हणजे तुम्हाला बोलता येतं तर. मी घरी सांगितलं होतं, बाई मुक्या आहेत बिचाऱ्या."

रविवारी येते. बारालाच पोचेन, रस्ता माहीत नाही म्हणून. बाहेर थांबायचे दिवस गेले, समोरच्या खुर्चीत बसेन. सिस्टरना सांगून ठेव.

तू सावकाश जेव. गार झालं तरी चालेल.

ताई